बाळचा डावा कान

नीलाने सहज विचारलं आणि कुंदाच्या तोंडून तितक्याच सहज खोटं निघून गेलं. रविवारची सकाळ होती. सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी टेबलावर, कुंदाकडे राहून शिकणाऱ्या बानूने पांढरा टॉवेल अंथरला होता आणि त्यावर आसपासच्या चार-पाच सोसायट्यांतून गोळा झालेली कानाची मशीनं मांडली होती. कुणाच्या सासऱ्यांचं, कुणाच्या मावशीचं, कुणाच्या घरी वर्षानुवर्षं पूजेला येणाऱ्या गुरुजींचं. माणूस जातो आणि त्याचा चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन मागे राहतं. चष्म्याची फ्रेम कुणाच्या तरी कामी येते, कवळीचा विषयच कुणी काढत नाही. मशीनचं काय करायचं ते मात्र कुणालाच सुचत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून ते कपाटात दागिन्यांच्या रिकाम्या डब्यांशेजारी पडून राहतं. ती मशीनं मागून घ्यायची, दुरुस्त करायची आणि आपल्या गावच्या बहिऱ्या पोरांना न्यायची, ही बानूची कल्पना. कुंदाला ती इतकी पटली होती की ग्रुपवरचा निरोप तिनेच लिहिला, आणि ज्यांनी नुसते हात जोडलेले इमोजी टाकले त्यांच्या दारात ती स्वतः जाऊन उभी राहिली. आणि आता समोरच्या ब्लॉकमधली नीला, टेबलावरचं एक मशीन बोटांत फिरवत, म्हणत होती, "काकू, बाळकाकांचं पण होतं ना गं? चांगलं मोठं, भारीतलं?" "ते त्यांच्याबरोबर गेलं," कुंदा म्हणाली. शब्द बाहेर पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले. नीलाने "बाई गं" म्हणून तिच्या दंडावर हात ठेवला. सेक्रेटरी देवदत्त बानूला चाबहारच्या बंदराबद्दल काहीबाही विचारत होता, कारण पेपरात त्याने ते नाव वाचलं होतं आणि बंदराजवळ राहणाऱ्या मुलीला बंदराबद्दल सगळं माहीत असणार, असा त्याचा समज होता. बानूने त्याला उत्तर देता देता एकदा मान वर करून कुंदाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तेवढंच झालं.

वर जाताना लिफ्टमध्ये बानू म्हणाली, "सगळे मशीन चांगले आहे, काकी. पण मोठ्या आवाजवाला एक पण नाही." म्हाताऱ्या माणसांना थोडं कमी ऐकू येतं, तेवढ्यापुरती ही मशीनं, ज्या पोराला जन्मतःच जवळजवळ काही ऐकू येत नाही त्याला ताकदीचं मशीन लागतं, हे तिने कुंदाला पूर्वीही समजावलं होतं. ती मुंबईत तेच शिकायला आली होती, कान तपासायचं आणि बहिऱ्या मुलांना बोलतं करायचं. पलीकडे, इराणच्या त्या कोरड्या किनाऱ्यावर, तिच्या बलुच गावात नात्यातल्या नात्यात लग्नं होतात आणि एकेका घरात दोन-दोन मुलं बहिरी निघतात. तिच्या थोरल्या बहिणीची लालबीबी सहा वर्षांची होती. ढोल वाजला तर मान वळवायची, आईने हाक मारली तर नाही. गेल्या सुट्टीत बानूने तिच्यासाठी एक मशीन नेलं होतं. पोरीने दोन दिवस कानात ठेवलं आणि मग काढून शेळीच्या कानाला लावून पाहिलं. तिच्यासाठी ते असून नसल्यासारखंच होतं. बानूच्या शिक्षिका रुचिरा मॅडम यांनी ताकदीची दोन मशीनं कुठून कुठून मिळवून दिली होती, पण ती बानूने गावातल्या दुसऱ्या दोन पोरांच्या नावाने बाजूला ठेवली. "पहिले माझ्या घरी देऊ काय? गाव काय बोलेल?" असं ती म्हणाली होती, आणि त्यात त्याग वगैरे काही नव्हतं, अगदी व्यवहाराची गोष्ट सांगावी तशी म्हणाली होती. पुढच्या रविवारी तिचं विमान होतं. शिक्षण संपलं होतं, म्हणजे या वेळी ती परत येण्यासाठी जात नव्हती. लिफ्ट थांबली तेव्हा बानूने बॅग उचलली आणि कुंदाने किल्ली शोधण्यात नको इतका वेळ घालवला.

कारण ते कुणाबरोबर गेलं नव्हतं. ते त्या क्षणी स्वयंपाकघरात, फ्रीजवरच्या स्टीलच्या डबीत, ताजा सेल पोटात घालून पडलं होतं. तिच्या नवऱ्याला, बाळला, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत त्याच्या मशीनचा सेल कुंदाने एकदाही उतरू दिला नव्हता. मुलुंडच्याच पाच रस्ता नाक्यावरचा दुकानदार बाळला चांगला ओळखायचा, तेराव्याला येऊनही गेला होता. त्याच्यापुढे सेल कुठल्या तोंडाने मागणार? म्हणून ती रिक्षा करून भांडुपला जायची, एखादं वाईट व्यसन लागल्यासारखी, आणि पाकीट पर्समध्ये भाजीच्या पिशवीखाली दडवून आणायची. संध्याकाळी, बानू कॉलेजातून यायच्या आधी, चहाचा कप एका बाजूला आणि मशीन दुसऱ्या बाजूला ठेवून ती टेबलाशी बसायची. पालक निवडत, वाटाणे सोलत त्याला दिवसभराचं सांगायची. लिफ्ट पुन्हा अडकली होती. देवदत्तने लिफ्टच्या माणसाला झाप झाप झापलं. नारळवाला आता तीसच्या खाली येत नाही. आपल्या यज्ञेशचा मेलबर्नहून फोन आला होता, घाईत होता. हे सगळं ती हळू आवाजात सांगायची, कारण मशीनला हळू आवाज पुरतो. ओरडावं लागायचं ते बाळच्या कानाला. मधूनच ती त्यावर तळहात झाकायची आणि ते बारीक कुंई करायचं. तेवढं उत्तर तिला पुरायचं. आपल्याला वेड लागलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाळ त्यात नाही हेही ठाऊक होतं. पण दिवसभरात जे जे होतं ते संध्याकाळी कुठेतरी नेऊन ठेवावं लागतं, आणि तिला इतकी वर्षं ते एकाच ठिकाणी ठेवायची सवय होती.

ते ठिकाण म्हणजे बाळचा डावा कान. उजवा कारखान्यानेच संपवला होता. एलबीएस रोडवरच्या त्या कारखान्यात बाळ प्रेस शॉपला होता, पत्रे कापणारी अजस्र यंत्रं दिवसभर धाडधाड आदळायची, आणि कुंदा त्याच कारखान्यात टाइम ऑफिसात, दोन भिंती पलीकडे. तिथेच जमलं. ती त्याला नावाने हाक मारते म्हणून सासूबाईंनी पहिलं वर्षभर तोंड वाकडं केलं होतं. पुढे ती हाकच इतक्या मोठ्याने मारावी लागली की सासूबाईंची तक्रार वेगळी झाली, सगळ्या बिल्डिंगला कळतं गं, म्हणाल्या. कळायचंच. सुरुवात कुकरपासून झाली होती; बाळ म्हणायचा शिट्टी झालीच नाही आणि आत डाळ करपून कोळसा. मग तो बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागला, मग न ऐकताच हसायला लागला. घरात पाहुणे हसले की तोही हसायचा, आणि ते गेल्यावर विचारायचा, "काय म्हणत होते गं?" लोक अशा वेळी काही नाही म्हणून मोकळे होतात. कुंदा कधी झाली नाही. ती त्याच्या डाव्या बाजूला बसायची, तोंड जवळ न्यायची आणि सगळं पहिल्यापासून सांगायची, विनोदासकट, विनोदावर कोण आधी हसलं त्याच्यासकट. यज्ञेशचे दहावीचे मार्क, सासूबाईंचं ऑपरेशन, कारखाना बंद होणार ही बातमी, सगळं मुलुंड पश्चिमेच्या त्या विंगने बाळच्या बरोबरीनेच ऐकलं. मशीन फार उशिरा आलं. रुचिरा मॅडमनीच ते बसवलं होतं. पहिल्या दिवशी घरी येऊन बाळ नुसता बसून राहिला होता, पेपरचा आवाज, चपलेचा आवाज, संडासातल्या पाण्याचा आवाज, "एवढा येतो?" म्हणून लाजला होता. आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला होता, "तू गुणगुणतेस?" लग्नाला तीस वर्षं उलटून गेल्यावर. पुढे शहाणा झाला आणि भांडण रंगात आलं की मशीन बंद करून ठेवायला शिकला. तो गेल्यावर कुंदाचा आवाज तेवढा मोठा राहून गेला. बँकेत, दवाखान्यात लोक दचकून बघायचे. नीला एकदा म्हणालीसुद्धा, काकू, हळू गं, मी इथेच आहे.

बानू घरी राहायला आली ती रुचिरा मॅडमच्याच ओळखीने, आणि पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. डोक्यावरून ओढणी घेतलेली, काळ्या डोळ्यांची, उंच पोर दारात उभी. कुंदाने तिला बसवलं, पाणी दिलं आणि गॅसवर बटाटे होते म्हणून आत वळता वळता, आपण सगळेच विचारतो तसं, उत्तराची वाट न बघता विचारलं, "प्रवास कसा झाला?" बानूने ग्लास खाली ठेवला, पाठ ताठ केली आणि सांगायला लागली. गावातून जीप निघाली तेव्हा वारा कुठून होता. वाटेत कुणाचा उंट मेलेला दिसला. विमानात शेजारच्या बाईने औषध कसं मागितलं आणि ती कुणाकडे निघाली होती. विमानतळावरचा टॅक्सीवाला, त्याच्या मुलीचा ताप, पुलावरून दिसलेली खाडी. अर्धं हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी हातवारे. सांगून झाल्यावर ती थांबली आणि कुंदाच्या तोंडाकडे बघत बसली. बटाटे केव्हाच लागले होते. "आमचं काय, ठीकच," कुंदा म्हणाली. बानू तरीही बघतच राहिली, जरा गोंधळून. बऱ्याच दिवसांनी कळलं की त्यांच्याकडे हा रिवाज आहे. आल्या माणसाला पाणी द्यायचं आणि हालहवाल विचारायचा. त्याने निघाल्यापासूनचं सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही, काही वाढवायचं नाही, ऐकणाऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. आणि मग घरच्याने आपला हालहवाल द्यायचा. तो दिला नाही तर पाहुण्याला वाटतं आपण नकोसे आहोत. कुंदाने त्या पहिल्या संध्याकाळी पोरीला नकोशी करून टाकलं होतं. कळल्यावर तिला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी बानू घरात शिरल्या शिरल्या तिने तिला बसवून पाणी दिलं, हालहवाल विचारला, आणि नंतर आपला सगळा दिला, अगदी सोनूबाईने कपबशी फोडली तिथपासून. सोनूबाई भांडी घासता घासता आतून ओरडली, "ता कशाक सांगतास वयनी, परदेशातल्या माणसांका!" बानू मराठी शिकली ती अशी. शिकवणारीचा आवाजच मोठा, त्यामुळे तिलाही वाटलं मराठी ही मोठ्यानेच बोलायची भाषा. दोघी मार्केटमध्ये बोलायला लागल्या की भाजीवाल्याला वाटायचं भांडताहेत.

मात्र कुंदाच्या हालहवालात एक गोष्ट कधी आली नाही. टेबलावरच्या संध्याकाळची.

दर शुक्रवारी बानूच्या फोनवर तिचे सोबती जमायचे. सगळे त्याच मुलखातले, सगळे बाहेर शिकायला गेलेले. एक जण मलेशियात पाण्याचं शिकत होता, गावातल्या खाऱ्या विहिरींचं काय करता येईल ते बघायला. एक मुलगी जर्मनीत बाळंतपणाचं शिकत होती. एक तुर्कस्तानातून रोज दोन तास गावच्या पोरींना गणित शिकवायचा. आधी एकेकाचा हालहवाल, मग काम. कुंदा मागे पोळ्या लाटत बघायची. काय बोलतात ते कळायचं नाही, पण एक जण बोलत असताना बाकीचे किती गप्प बसतात ते दिसायचं. यज्ञेशचा फोन तिला आठवायचा. "सगळं ठीक ना? जेवलीस? औषध घेतेस ना?" या तीन प्रश्नांच्या पलीकडे तो गेला नव्हता आणि खरं तर तीही त्याला जाऊ देत नव्हती, ठीक, जेवले, घेते. वाईट मुलगा नव्हता तो. त्याची तिकडे माणसं होती, घर होतं, आणि इकडे परतायचं असं काही त्याने कधी म्हटलंही नव्हतं. बानूला मात्र इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलने नोकरी देऊ केली होती. कुंदा मनातल्या मनात खोली तिच्या नावावर करूनही बसली होती. "जायलाच हवं का गं?" तिने एकदाच विचारलं. बानूने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "मी गेले नाही तर मी आले कशाला, काकी?" कुंदाने ताटं घेतली.

त्या रविवारी संध्याकाळी बानू आईशी बोलायला बसली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. पडद्यावर मातीच्या भिंतीसमोर बसलेली तिची आई, छातीवर भरतकामाचा लाल-काळा चौकोन, मागे कुठेतरी शेळ्या, आणि मधूनच पडद्यात घुसून तोंड वेडावणारी लालबीबी. बानू दिवसभराचं सांगत होती. कुंदा पोह्याचा डबा लावायचं नाटक करत कानोसा घेत होती. सोसायटी, मशीन, नीला, ही नावं बलुचीतून टपटप पडत होती. मग "काकी" आलं. मग "काका". आणि पडद्यावरच्या बाईने एकदम हात छातीवर ठेवला आणि ती कुंदाकडे बघून काहीतरी म्हणाली, सावकाश, जणू सावकाश बोललं की भाषा कळते. "काय म्हणते?" कुंदाने विचारलं. बानूने सांगितलं. "बोलते, काकाने मशीन बरोबर नेली, छान केलं. तिकडे पण माणसाला ऐकायला यायला पाहिजे. नाहीतर आपले लोक भेटतील, आणि हा नुसता हसत बसेल." नुसता हसत बसेल. या बाईने बाळला कधी पाहिलं नव्हतं. कुंदाला एकदम तो दिसला, पाहुण्यांच्या गराड्यात, न ऐकता हसणारा, डोळे मात्र घाबरलेले, तिला शोधणारे. डबा तसाच ओट्यावर ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सोमवारी संध्याकाळी तिने डबी उघडली, मशीन टेबलावर ठेवलं, आणि तोंड उघडेना. ती सांगणार कुणाला? बाळ जिथे कुठे असेल तिथे मशीनशिवाय होता. आणि त्याचं मशीन इथे पालकाच्या जुडीशेजारी पडून तिचं ऐकत होतं. दोन वर्षं तिने जे जे सांगितलं त्यातलं अक्षरही त्याच्यापर्यंत गेलेलं नव्हतं. हे तिला आधी ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं वेगळं आणि गावातल्या एका परक्या बाईने हात छातीवर ठेवून ते समोर आणून ठेवणं वेगळं. मंगळवारी तिने चिडून डबी कपाटात साड्यांखाली कोंबली. बुधवारी काढून सेल चाचपला. लालबीबी डोळ्यांपुढून हलत नव्हती. पोरगी पडद्याजवळ तोंड आणून कुंदाच्या ओठांकडे टक लावून बघायची, बाळ बघायचा तसंच. एवढं सरळ दिसत असताना देऊन का टाकत नाही आपण, असं ती स्वतःलाच रागावून विचारायची, आणि उत्तर इतकं साधं होतं की त्याची लाज वाटायची. रविवारी बानू जाणार. त्याच बॅगेतून हेही गेलं तर सोमवारी संध्याकाळी या टेबलापाशी कुंदा आणि पालक. पालकाशी ती बोलणार नव्हती, तेवढी वेडी ती अजून झाली नव्हती. मग गप्पच बसायचं, आणि गप्प बसलेली म्हातारी माणसं कशी होतात ते तिने सोसायटीच्या बाकांवर पाहिलं होतं. तिला भीती वाटत होती, एवढंच खरं. शुक्रवारी बानूने विचारलं, "काकी, तब्येत बरी नाही काय?" आणि कुंदा म्हणाली, "ठीकच आहे." त्या पहिल्या संध्याकाळसारखी बानू बघतच राहिली, वाट बघत.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये बॅग उघडी पडली होती. कपडे थोडेच होते. बाकी सगळी मशीनं, फडक्यात गुंडाळलेली, आणि सोसायटीच्या बायकांनी दिलेले चकल्यांचे, चिवड्याचे पुडे. कुंदा स्वयंपाकघरातून आली आणि तिने स्टीलची डबी बानूच्या समोर फरशीवर ठेवली. झाकण काढलं. "मी खोटं बोलले," ती म्हणाली, आणि आवाज नेहमीसारखा मोठा निघाला नाही. बानूने डबीत पाहिलं. मग ती उठली, आत गेली, पाण्याचा ग्लास घेऊन आली, कुंदाला सोफ्यावर बसवून तो तिच्या हातात दिला आणि स्वतः खाली मांडी घालून पाठ ताठ करून बसली. "हालहवाल, काकी," ती म्हणाली.

कुंदाने दिला. बाळच्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलच्या नर्सने मशीन काढून तिच्या हातात दिलं तिथपासून सुरुवात केली. ते हातात दिलं तेव्हा चालूच होतं आणि तिच्या मुठीत वाजलं. ते बंद करायला तिला जमलं नाही. भांडुपचं सांगितलं, पर्सचं सांगितलं, टेबल आणि पालक सांगितलं. मधेच ती हसली, मधेच रडली, आणि बानू एकदाही "असू दे" म्हणाली नाही की डोळे पूस म्हणाली नाही. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडून गेला. "मला वाटलं हे गेलं की मग मी बोलणार कुणाशी गं," कुंदा म्हणाली. "तू पण चाललीस." मग सांगायचं संपलं. दोन वर्षांत पहिल्यांदा हे सगळं एका जिवंत माणसाने ऐकलं होतं, आणि अंगातून ताप उतरून गेल्यासारखं तिला हलकं हलकं आणि थकल्यासारखं वाटत होतं.

"मला माहीत होतं," बानू म्हणाली. "निळा स्टिकर. नवीन सेलवर असतो ना, काढायचा असतो. कधी कचऱ्यात, कधी टाइलवर चिपकलेला. निळा म्हणजे मोठ्या मशीनचा सेल. पहिल्या महिन्यातच मी बघितला."

"मग बोलली का नाहीस, मूर्ख मुली? लालबीबीला हवं होतं ना तुला!"

"तुझी गोष्ट होती. तू देणार तर मी घेणार. मी तुझ्याकडून ओढून कशी काढू?"

तिने मशीन उचललं, आपल्या पेटीतली तपासायची नळी त्याला जोडून कानाला लावली, समोर एकदा टिचकी वाजवली आणि तिचे डोळे मोठे झाले. "बाप रे, काकी. एकदम झकास. लालबीबी उडी मारेल." मग तिने मशीनला लागलेली पारदर्शक नळी दोन बोटांत धरून हळूच ओढली. नळी सुटून आली, आणि तिच्या टोकाला असलेला, कानात बसणारा तो गुलाबीसर कडक तुकडाही. मशीन तिने फडक्यात ठेवलं. तुकडा मात्र कुंदाच्या तळहातावर ठेवून तिची बोटं वरून मिटली. "हा दुसऱ्या कोणाला होत नाही. साचा आहे. लालबीबीचा मी तिकडे बनवणार, तिचा कान एवढासा. हा काकाचाच कान आहे."

हे कुंदाला माहीत असायला हवं होतं, कारण साचा घेतला तेव्हा ती शेजारीच बसली होती. रुचिरा मॅडमनी बाळच्या कानात गार, मऊ लगदा भरला होता आणि तो सुकेपर्यंत न हलता बसायला सांगितलं होतं, आणि बाळला, दोन्ही कान बंद झालेल्या बाळला, एवढी भीती वाटली होती की तिचा हात घट्ट धरून तो शांत दवाखान्यात केवढ्यांदा तरी ओरडला होता, "कुंदा, आत्ता काही सांगू नकोस हं, मला काहीच ऐकू येत नाहीये!" बाहेर बसलेले सगळे पेशंट हसले होते. तिने मूठ उघडली. साचा तिने हजारदा पाहिला होता, धुतला होता, पुसला होता, पण मशीनला लटकलेला. असा सुटा, हातात, कधीच नाही. बाहेरची बाजू पाळीच्या वळणाची, ओळखीची. आणि आत जाणारा तो छोटा, किंचित वर वळलेला दांडा, त्याच्यावरचा एक उंचवटा, मग एक खळगा. ही आतली जागा तिने कधी पाहिली नव्हती. एवढी वर्षं तोंड जवळ नेऊन, जीव तोडून ओरडत, तिने आपलं सगळं जिथे नेऊन ठेवलं ती जागा इतकीशी होती. ती बघत राहिली. बानू चिवड्याचे पुडे बाजूला करून फडक्यातलं मशीन बॅगेच्या मधोमध, मऊ कपड्यांत बसवत होती.

"कुठला कान गं तिचा?" कुंदाने विचारलं.

"लालबीबीचा? दोन्ही खराब. कुठल्यात पण घालणार."

"मग डाव्यात घाल," कुंदा म्हणाली. "त्याला डावीकडूनच ऐकायची सवय आहे."